स्विफ्टला अ‍ॅम्प कुठला घ्यावा: ४ चॅनेल, ५ चॅनेल की सबला मोनो वेगळा?

रंकाळाकाठ
मंडळी जरा मदत पाहिजे. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय २०२१, पेट्रोल. स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचाय कारण स्टिअरिंगवरची बटणं बंद पाडायची नाहीत आणि एक्सटेंडेड वॉरंटी अजून चालू आहे. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट बसवलेत, ट्वीटर वेगळे, बॉक्सवर ७० वॅट आरएमएस (म्हणजे सलग पेलणारी पॉवर) आणि ४ ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलंय. मागं कंपनीचेच स्पीकर. आवाज आधीपेक्षा स्वच्छ झालाय पण अंगात काही नाही, पखवाज लावला तर नुसती टकटक ऐकू येते, घुमारा गायब. म्हणून दहा इंची सब (खालच्या बासचा मोठा स्पीकर) टाकावा म्हणतोय.

आता इथला एक दुकानदार म्हणतोय ३००० वॅटचा ४ चॅनेल अ‍ॅम्प (स्पीकरना ताकद देणारा डबा, चॅनेल म्हणजे स्पीकरला जाणारी एकेक वाट) घ्या, साडेसहा हजार, वायरिंग किट फुकट, सगळं त्याच्यावरच चालतंय. दुसरा म्हणतोय दोन अ‍ॅम्प लागणारच, एक दारांना एक सबला (मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा), नाहीतर स्पीकर उडणार. डोस्कं फिरलंय. सब, बॉक्स, अ‍ॅम्प, वायर, मजुरी सगळं मिळून २५ हजार बजेट. ऐकतो अभंग, लावणी, हलगी, आणि बायको जुनी हिंदी. डिकी पूर्ण घालवायची नाही, गावाकडनं पोती येत असतात.

ओहमकार
तो ३००० चा आकडा आधी डोक्यातून काढा. दुकानात अ‍ॅम्प हातात घेऊन त्याच्या कडेचा फ्यूज बघा, बॉक्सवर काहीही छापता येतं पण फ्यूजवर नाही. समजा २५ अँपिअरचा एकच फ्यूज आहे. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास, म्हणजे आत जाणार ३५० वॅट. क्लास एबी (एबी आणि डी या अ‍ॅम्पच्या जाती) असेल तर त्यातले पन्नास-साठ टक्के स्पीकरपर्यंत पोचतात आणि बाकीच्यावर अ‍ॅम्प तापतो, म्हणजे चारही चॅनेल मिळून दोनशेच्या आसपास. क्लास डी असेल तर ऐंशी टक्के धरा, तरी २८०. क्षणभराचा जोर फ्यूज सहन करतो म्हणून हा हिशोब ढोबळ आहे, पण ढोबळ म्हणजे किती, दहा पट नाही ना!

आणि प्रश्न उलट्या टोकाने सुरू झालाय. अ‍ॅम्प शेवटी घ्यायचा असतो. आधी सब कुठला, त्याला एक कॉईल (आतलं तारेचं वेटोळं) की दोन, किती ओहम, हे ठरलं की अ‍ॅम्प आपोआप ठरतो. सब बघितलाय का कुठला?

खाडीपलीकडे
मला एक कळत नाही, स्टिरिओवर ५० × ४ लिहिलेलं असतं, म्हणजे दोनशे वॅट आहेतच की. वर अजून अ‍ॅम्प कशाला? माझ्या गाडीत सगळं कंपनीचं आहे, आमचं काही अडत नाही. रेडिओवर बातम्या ऐकायला पुरतं.

अटलांटिकपार
बातम्यांना पुरणारच हो, बातम्यांत पखवाज नसतो.

तो ५० × ४ कुठून येतो ते सांगतो कारण गणित मजेशीर आहे. साध्या स्टिरिओच्या आत व्होल्टेज वाढवणारा पॉवर सप्लाय नसतो, जे १४.४ व्होल्ट गाडी देते त्यातच सगळं. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम, आले ५१ पॉइंट काहीतरी. झाले ५० वॅट. पण हे कधी? तर सिग्नल पूर्ण चौकोनी झाला, म्हणजे आवाज संपूर्ण फाटला तर. स्वच्छ साइन वेव्ह धरली तर १४.४ भागिले १.४१४, त्याचा वर्ग, भागिले ४, साधारण २६ वॅट, आणि हे कागदावर. प्रत्यक्षात १८-२० मिळाले तर हात जोडा. म्हणून ७० आरएमएसचे कंपोनंट कंपनीच्या स्टिरिओवर अंग धरत नाहीत.

इकडे अमेरिकेत अ‍ॅम्पच्या खोक्यावर सीईए-२००६ चा शिक्का बघून घेतात, हल्ली त्याला सीटीए-२००६ म्हणतात. त्यात मापायची पद्धत ठरलेली आहे: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि विकृती १ टक्क्याच्या आत. तिकडे मिळणाऱ्या चांगल्या ब्रँडांच्या माहितीपत्रकातही हे लिहिलेलं सापडतं. शिक्का नसला म्हणजे माल वाईटच असं नाही, पण शिक्का असला की निदान आकडा खरा.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ मी सांगतो सरळ. ५ चॅनेल घे अन मोकळा हो. चार चॅनेल दारायले, पाचवा सबले. एकच अ‍ॅम्प, एकच वायर, सीटखाली मावते. दोन-दोन अ‍ॅम्प लावून काय डीजेची गाडी करायची हाये का?

गिअरवाली
५ चॅनेल चांगलाच असतो पण २५ हजारात सब, बॉक्स आणि मजुरीसकट ब्रँडेड ५ चॅनेल बसवणं अवघड आहे, मग लोक वायर स्वस्तातली टाकतात आणि तिथे सगळं बोंबलतं. मी तर म्हणते मागच्या स्पीकरना अ‍ॅम्पवर घेऊच नका, ते राहू देत स्टिरिओवर. मागे पोरं बसतात, त्यांना ऐकू आलं म्हणजे झालं. चांगला ४ चॅनेल घ्या, १ आणि २ नंबरवर पुढचे कंपोनंट, ३ आणि ४ ब्रिज करून सब. ज्यावर आरएमएस ६० × ४ असं ४ ओहमला लिहिलंय असा कुठल्याही बऱ्या कंपनीचा. अशा अ‍ॅम्पला २ ओहमला ८०-९० मिळत असतील तर ब्रिज करून ४ ओहमला त्याच्या दुप्पट, म्हणजे १६० ते १८०. स्विफ्टएवढ्या डब्यात दहा इंचीला हे भरपूर आहे, काचा हलवायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

रंकाळाकाठ
@ओहमकार सब बघितलेत दोन. एकावर लिहिलंय सिंगल कॉईल ४ ओहम, २५० आरएमएस. दुसरा डबल कॉईल, ४+४, ३०० आरएमएस, तो पाचशे रुपयांनी स्वस्त आहे आणि दुकानदार म्हणतो डबल कॉईल म्हणजे डबल आवाज.

@गिअरवाली ताई ब्रिज म्हणजे नक्की काय करायचं? दोन वायरी एकत्र पिळायच्या का?

गिअरवाली
नाही नाही, पिळू नका काही! अ‍ॅम्पवर ३ आणि ४ नंबरच्या टर्मिनलखाली ब्रिज अशी रेघ काढलेली असते, बहुतेक वेळा एका चॅनेलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस, त्या दोनच टोकांना सब जोडायचा. कुठला प्लस कुठला मायनस हे अ‍ॅम्पवरच्या चित्रात बघा, कंपनीप्रमाणे बदलतं.

ओहमकार
डबल कॉईल म्हणजे डबल आवाज, हे दुकानदाराला फ्रेम करून द्या. दोन कॉईल असतात त्या जोडणीत सोय मिळावी म्हणून, आवाजाशी काही देणंघेणं नाही.

आता नीट बघा. ४+४ ची कॉईल पॅरलल जोडली तर २ ओहम, सिरीज जोडली तर ८. तुम्हाला ४ हवे असतील तर मिळणारच नाहीत. आणि बहुतेक ४ चॅनेल अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच भार दिसतो. बाहेर ४ ओहम म्हणजे आत प्रत्येकाला २. बाहेर २ लावले की आत १, मग अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो, किंवा धूर. ८ ला लावलं तर सुरक्षित, पण पॉवर बरीच कमी. म्हणून ब्रिज करणार असाल तर सिंगल ४ किंवा डबल २+२ घेऊन सिरीज. वेगळा मोनो घेणार असाल आणि तो २ ओहमला स्थिर असेल तर ४+४ उत्तम, पॅरलल करा. मोनो १ ओहमवाला असेल तर २+२ पॅरलल. अजून काही पाठ करायची गरज नाही.

तुमच्यासाठी सिंगल ४ ओहमवाला, २५० आरएमएस. पाचशे रुपये जास्त गेले तर जाऊ देत.

खाडीपलीकडे
२५० चा सब आणि अ‍ॅम्प देणार १७०? मी तर ऐकलंय कमी पॉवर दिली की स्पीकर उडतो. त्या दुसऱ्या दुकानदाराचं बरोबर असेल मग.

ओहमकार
हे सगळीकडे ऐकू येतं आणि अर्धवट खरं आहे. कमी पॉवरने स्पीकर उडत असता तर हळू आवाजात गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाचा उडाला असता. होतं काय, अ‍ॅम्प लहान असला की माणूस आवाज वाढवत नेतो, अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेला टेकतो, लाटेचे शेंडे कापले जातात, आणि कापलेल्या लाटेत सरासरी पॉवर जास्त आणि वरच्या पट्टीची कचकच भरपूर. ती ट्वीटरची कॉईल जाळते. म्हणजे दोष क्लिपिंगचा. १७० वॅट स्वच्छ दिले तर २५० चा सब वर्षानुवर्षं चालेल.

आणि कानाला फरक किती? पॉवर दुप्पट केली की ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतात, आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात म्हणजे पॉवर दहापट. १७० आणि २५० मध्ये पावणेदोन डीबीच्या आतबाहेर. चालत्या गाडीत टायरचा आवाज, एसीचा पंखा, बाजूने जाणारा ट्रक, यात ते कळणारही नाही.

वऱ्हाडी_ठेचा
बरं पण उद्या मागचे स्पीकर बदलावेसे वाटले तं? तव्हा पुन्हा अ‍ॅम्प बदला? ५ चॅनेलचा मुद्दा मी सोडत नाही. अन ५ चॅनेलवाले हल्ली बहुतेक क्लास डी येतात, लहान असतात, तापत कमी. ४ चॅनेल एबीचा हा एवढा मोठा पाटा अन त्याले हवाही लागते. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभी गाडी, आतलं टेम्प्रेचर कुठं जाते माहीत हाये ना. एबीवाला अ‍ॅम्प दुपारी दोनदा बंद पडते आमच्या इकडं.

गिअरवाली
हा मुद्दा मान्य. उष्णतेसाठी क्लास डी बरा. पण ४ चॅनेलमध्येही क्लास डी मिळतो की, ५ चॅनेलच घ्यायला पाहिजे असं नाही. आधी लोक म्हणायचे दारांना एबीच पाहिजे, डी नुसता सबला. जुन्या डी अ‍ॅम्पना वरच्या पट्टीत त्रास होता म्हणून. आताचे फुल रेंज डी चालत्या गाडीत ओळखून दाखवा म्हणावं.

आणि मागचे स्पीकर बदलायचा विचार असेल तर त्यापेक्षा तेवढ्या पैशात पुढच्या दारांना डॅम्पिंग करा. मी नाशिकला स्वतःच केलं, आतला प्लास्टिक पॅनेल काढला की पत्रा दिसतो, त्यावर बोटाने टिचकी मारली तर पत्र्याच्या डब्यासारखा टणटण वाजतो. ब्युटाइलची शीट लावून रोलरने दाबली, भोकं बुजवली, मग टिचकी मारली की नुसता ठप्प. स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खात होता तो थांबला. पखवाजाची थाप दारातूनच यायला लागते, सब फक्त घुमारा धरतो. रंकाळाकाठ, तुमची जी टकटक आहे ना त्यातला मोठा भाग अ‍ॅम्पचा नसून दाराचा असणार.

रंकाळाकाठ
हे कोण सांगितलंच नव्हतं बघा! दुकानदारानं साडेसहा हजारात स्पीकर अडकवले आणि पॅनेल लावून मोकळा. मग आधी डॅम्पिंग करतो. कंपनी स्टिरिओवरनं सिग्नल कसा घ्यायचा ते सांगा, मागं आरसीए (अ‍ॅम्पला सिग्नल द्यायची भोकं) नाहीतच. वायर कापू नको म्हणतायत घरचे.

ओहमकार
घरचे बरोबर म्हणतात. टी-हार्नेस मिळतो, गाडीच्या मूळ कपलरच्या मध्ये बसतो, एकही वायर कापावी लागत नाही, सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी काढून ठेवता येतो. त्यातून मागच्या किंवा पुढच्या स्पीकरची वायर अ‍ॅम्पच्या हाय लेव्हल इनपुटला. अ‍ॅम्प घेताना हाय लेव्हल इनपुट आहे का ते विचारा, नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल अ‍ॅम्पजोगा करणारा छोटा डबा) लागतो. काही अ‍ॅम्प हाय लेव्हलवर सिग्नल आला की आपोआप चालू होतात, तसा असेल तर रिमोटची वायर (अ‍ॅम्पला चालू-बंद करणारी) वेगळी शोधायला नको.

फक्त एक बघा, काही कंपनी स्टिरिओ आवाज वाढवला की बास गुपचूप कमी करतात, मूळचे बारके स्पीकर वाचावेत म्हणून. तुमचा तसा असेल तर सब हळू आवाजात जोरात आणि मोठ्या आवाजात मंद वाटेल, आणि दोष अ‍ॅम्पला जाईल.

सीएनजी_सुखी
मध्येच विचारतोय. वॅगन आर सीएनजी, डिकीत सिलेंडर. सबची हौस आहे. सिलेंडरच्या वर बॉक्स बसवून देतो म्हणाला एक जण, फळी टाकून.

गिअरवाली
अजिबात नको. सिलेंडर आणि त्याच्या व्हॉल्वकडे हात जायला पाहिजे आणि त्या भागात स्क्रू मारणं, वायर नेणं असले उद्योग करूच नयेत. तुमच्यासाठी सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब, अ‍ॅम्प त्यातच असतो, आठ इंची चपटा येतो. तोडून बास मिळणार नाही पण रिकामी पट्टी भरून निघते. घेण्याआधी सीटखालची उंची मोजा, सीट पूर्ण खाली आणि पूर्ण मागे करून मोजा, आणि मागच्या प्रवाशांच्या एसीची नळी आडवी येते का बघा.

खाडीपलीकडे
आणि मारुतीच्या काही स्मार्ट हायब्रिडमध्ये पुढच्या सीटखाली लिथियमची बॅटरी असते, तेही बघा. भाचीच्या अर्टिगात आहे तशी. तिथे सब घुसवायला गेलात तर...

वऱ्हाडी_ठेचा
काका तुम्हाले तं सगळं माहीत हाये, नुसते बातम्या ऐकतो म्हणून सांगत होते 😀

अटलांटिकपार
वायरचं कोणीच बोललं नाही अजून. त्या फुकटच्या किटमध्ये बहुतेक वेळा सीसीए असते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. जाड दिसते कारण प्लास्टिक जाड असतं. त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण ६०-६५ टक्के काम करते.

हिशोब मांडतो. दारांना ६० × २ आणि सबला १७०, झाले २९०, क्लास डी ऐंशी टक्के धरला तर बॅटरीतून ३६० वॅट, १३.८ व्होल्टला २६ अँपिअर, तेही सलग टेस्ट टोन वाजवला तर. गाण्यात सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याखाली. म्हणून अल्टरनेटर बदला, दुसरी बॅटरी टाका, कपॅसिटर लावा असलं कोणी सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरा: ८ गेज (वायरच्या जाडीचा आकडा, लहान तितकी वायर जाड) खऱ्या तांब्याची असेल तर पाव व्होल्टच्या आसपास पडतो, ४ गेजला त्याच्या निम्म्याहून कमी. ८ चालेल, ४ घातली तर पुढे अ‍ॅम्प बदलला तरी वायर काढावी लागणार नाही.

ओहमकार
भारतात गेजच्या भानगडीत पडूच नका, स्क्वेअर एमएममध्ये विचारा. ४ गेज म्हणजे २१ स्क्वेअर एमएम, ८ गेज साधारण साडेआठ. हार्डवेअरच्या दुकानात किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तांब्याची १६ किंवा २५ स्क्वेअरची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते, लवचिक असते, कार ऑडिओच्या किटपेक्षा कित्येकदा स्वस्त पडते. घेताना टोक खरवडून बघा, आतून पांढरी दिसली तर ठेवून या. वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनियमचीही येते. वर जाळीची स्लीव्ह चढवा, इंजिनाच्या बाजूला घासू नये म्हणून.

आणि फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत. अ‍ॅम्पचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो, हा वायरसाठी. मधे कुठे पत्र्यावर घासून वायर उघडी पडली तर हाच गाडी वाचवतो. अ‍ॅम्पवर जेवढे फ्यूज आहेत त्यांची बेरीज करा, तेवढाच इथे. फुकट किटमधला फ्यूज होल्डर वापरू नका, काहींचा प्लास्टिकच वितळतो.

खारदांडा_ईव्ही
नेक्सॉन ईव्ही आहे, अल्टरनेटर नाहीच. मग हे सगळं चालतं का? मोठ्या बॅटरीवरून घ्यायचं का?

अटलांटिकपार
मोठ्या बॅटरीचं नावही काढू नका! नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या की तिथून हात मागे, त्यात जीवघेणं व्होल्टेज असतं. ईव्हीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, तिला डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करतो. दोनतीनशे वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प तिच्यावर सहसा चालून जातो, पण गाडी बंद ठेवून तासभर गाणी ऐकत बसू नका, आणि पॉवर कुठून घ्यायची ते सर्व्हिसवाल्याला विचारूनच. तुमच्याकडे एक फायदा आहे, इंजिनाचा आवाज नाही म्हणून कमी पॉवरही पुरते. तोटा असा की मग टायरचा आवाज जास्त जाणवतो 😄

रंकाळाकाठ
अपडेट. ६० × ४ चा क्लास डी ४ चॅनेल घेतला, हाय लेव्हल आहे, फ्यूज ४० चा, हिशोब करूनच घेतला. ३००० वाल्या दुकानदाराला फ्यूज दाखवा म्हटलं तर चहा मागवला त्यानं, लय गोड माणूस. सब सिंगल ४ ओहम, बॉक्स सीलबंद, १६ स्क्वेअर तांब्याची वेल्डिंग केबल. सीलबंदच का घेतला तर इथंच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं पोर्टेडचा (भोक ठेवलेल्या बॉक्सचा) बास जास्त येतो पण सैल वाटतो, हलगीला नको. डिकीत २६८ लिटर जागा, त्यातला एक कोपरा गेला, पोतं अजून बसतंय.

आता सेटिंग कसं करायचं? फिटर म्हणतोय गेन पूर्ण फिरवा, पैसे वसूल.

ओहमकार
गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे हो. स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालायचं बटण आहे ते. पूर्ण फिरवलं की स्टिरिओचा आवाज तिसऱ्या हिश्श्यातच अ‍ॅम्प फाटायला लागतो.

मल्टिमीटर असेल तर असं करा. स्पीकर आणि सबच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा. स्टिरिओचे बास, ट्रेबल, इक्वलायझर सगळे शून्यावर, अ‍ॅम्पचा बास बूस्ट बंद. पेन ड्राइव्हवर टेस्ट टोन घ्या, सबसाठी ५० हर्ट्झ, दारांसाठी १००० हर्ट्झ. ब्लूटूथवरून नको, मोबाईल मधे काय करेल सांगता येत नाही. स्टिरिओचा आवाज पाऊण भाग. मीटर एसी व्होल्टवर. किती व्होल्ट हवेत तर वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. दारांना ६० गुणिले ४ म्हणजे २४०, वर्गमूळ साडेपंधरा. सबला १७० गुणिले ४ म्हणजे ६८०, वर्गमूळ २६. गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, तिथे आलं की थांबा. स्वस्तातले मीटर १००० हर्ट्झला चुकीचं दाखवतात, तसं वाटलं तर दारांनाही कमी हर्ट्झचा टोन घ्या, फिल्टर बंद ठेवून.

मग फिल्टर. दारांना हायपास ८० हर्ट्झ (त्याच्या वरचंच जाऊ देतो), सबला लोपास ८० (खालचंच जाऊ देतो). दारांवरचा खालचा भार उतरला की ते मोठ्या आवाजात मोकळे होतात, हा फायदा लोक सबच्या नादात विसरतात. शेवटी सबचे प्लस-मायनस एकदा उलटे करून बघा. ज्या बाजूला बास डॅशबोर्डवरून आल्यासारखा वाटतो ती बाजू ठेवा, ज्या बाजूला डिकीत कोणीतरी बसलंय असं वाटतं ती नको.

रंकाळाकाठ
केलं. व्होल्टपर्यंत आणून गाणी लावली तर सब जरा जास्त वाटला म्हणून सबचा गेन अजून खाली आणला, आता पखवाज डाव्या हाताची बोटं मोजावीत इतका नीट येतोय. बायकोचं म्हणणं तिच्या गाण्यात आधी नव्हता असा एक तबला आलाय.

फक्त गाडी चालू केली की बारीक कुंईऽऽ येतंय, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वर चढतंय, सोडला की उतरतंय.

गिअरवाली
अल्टरनेटरची शीळ. दहातल्या आठ वेळा ग्राउंड, म्हणजे अ‍ॅम्पची गाडीच्या बॉडीला जाणारी वायर. काळी वायर कुठे लावलीय फिटरने?

रंकाळाकाठ
डिकीत उजवीकडं एक मोठा बोल्ट आहे, मागच्या सीट बेल्टचा, त्यालाच वॉशर घालून कसलीय. तिथं रंगाचं जाड कोटिंग आहे खरं.

गिअरवाली
सीट बेल्टच्या बोल्टला काहीही लावू नका, तो अपघातात माणूस धरायचा बोल्ट आहे, त्याला वॉशर घालून सैल करणारा फिटर बदला. आजच काढा आणि बोल्ट मूळ होता तसा कसून घ्या, सर्व्हिसला गेलात की टॉर्क रेंचने तपासून घ्या. ग्राउंडसाठी अ‍ॅम्पपासून हात-दीड हाताच्या आत बॉडीचा जाड पत्रा शोधा. नवीन भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडा, रिंग टर्मिनल क्रिंप करा, दातेरी वॉशर, नट, आणि वरून ग्रीस किंवा रंग, कोल्हापूरच्या पावसात गंज धरतो. वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड. तरी शीळ राहिली तर सिग्नलची वायर आणि पॉवरची वायर एकाच बाजूने आणलीय का ते बघा.

वऱ्हाडी_ठेचा
अन जमलं की एक हलगी लावून व्हिडिओ टाक भाऊ. ५ चॅनेल घेतला असता तं अजून भारी वाजलं असतं ते वेगळं.

रंकाळाकाठ
बेल्टचा बोल्ट मूळ जागी कसला. चाकाच्या कमानीजवळ आधीच एक मोकळा बोल्ट होता, तिथं रंग खरवडून ग्राउंड घेतला. शीळ बंद. ठेचाभाऊ, व्हिडिओ रविवारी टाकतो, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून नावं ठेवू नका म्हणजे झालं.